अब्बांची काळी ट्रंक

महाडला पूर नवा नाही. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या मधोमध आमचं शहर आहे. दर पावसाळ्यात एकदा तरी बाजारपेठेत पाणी येतं, दुकानदार माल माळ्यावर चढवतात आणि दोन दिवसांनी चिखल उपसतात. पण २२ जुलै २०२१चं पाणी वेगळं होतं. आम्ही अम्मीला उचलून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. सोबत औषधांची पिशवी, रेशनकार्ड आणि मुलांची दप्तरं घेतली. सकाळी जिन्यातून खाली पाहिलं तर आमच्या दाराची वरची चौकटही दिसत नव्हती.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडेना. लाकूड फुगलं होतं. पलंगाखालची काळी ट्रंक मात्र जागा सोडून स्वयंपाकघराच्या दारात येऊन आडवी पडली होती. ती अब्बांची फौजेतली ट्रंक. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं. ती उघडली तेव्हा आत चिखलाचा एक थर होता आणि त्याखाली कागदांचा लगदा. त्यात त्यांचं डिस्चार्ज बुक होतं, खडकीहून आलेली पत्रं होती, पलटणीचा एक ग्रुप फोटो होता. फोटोतल्या माणसांचे चेहरे पांढरे होऊन गेले होते.

त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं दरडीखाली गेली. अशा वेळी एका ट्रंकेचं दुःख कुणाला सांगायचं? मी कुणालाच सांगितलं नाही. पण ट्रंक धुताना एक गोष्ट लक्षात आली. अब्बांच्या सतरा वर्षांच्या नोकरीबद्दल आणि १९७१च्या लढाईबद्दल मला जे माहीत होतं, ते जवळजवळ सगळं त्या कागदांत होतं. त्यांच्या तोंडून मी फारच थोडं ऐकलं होतं.

अब्बा १९६८ साली, एकोणिसाव्या वर्षी भरती झाले. डिस्चार्ज बुकात जिल्ह्याच्या रकान्यात ‘कुलाबा’ असं लिहिलं होतं. आज माझ्या वर्गातल्या मुलांना कुलाबा म्हटलं की मुंबईचा कुलाबा आठवतो. आपला जिल्हा १९८१पर्यंत कुलाबाच होता, रायगड हे नाव त्यानंतरचं, हे मी त्यांना त्या पुस्तकाचा दाखला देऊन सांगत असे. अब्बांचं घर पोलादपूरचं. पुढे कशेडी घाट, वरच्या अंगाला आंबेनळी, आणि चार एकर वरकस जमीन. नाचणी, वरी आणि पावसाच्या भरवशावरचा थोडा भात. थोरले चाचा जहाजावर गेले, अब्बा फौजेत. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होते. सॅपर म्हणजे इंजिनिअर दलाचा शिपाई. पूल बांधायचा, रस्ता करायचा, सुरुंग पेरायचे आणि सुरुंग काढायचे, हे त्याचं काम. १९८५ साली ते नाईक म्हणून बाहेर पडले आणि महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. चोवीस वर्षं त्यांनी तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत लिहिले. अक्षर सरळ, एका ओळीत.

लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्या मागे लागायचो. अब्बा, लढाईची गोष्ट सांगा. त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक, पंजाबी लंगरात पहिल्यांदा राजमा खाल्ला आणि रात्रभर पोट धरून बसले. दुसरी, जम्मूच्या थंडीत डोक्याला लावायचं तेल बाटलीत गोठलं तेव्हा कुणीतरी ते तूप समजून रोटीला लावलं. गोष्ट सांगून ते स्वतःच हसायचे. “आणि लढाई?” असं विचारलं की म्हणायचे, “लढाई पेपरात आली होती. वाचा.”

मी इतिहास शिकवतो म्हणून मला त्यांचं हे गप्प राहणं अधिक टोचायचं. एकदा त्याचा स्फोट माझ्याच हातून झाला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या स्टाफरूममध्ये भारत-पाकिस्तान मॅचवर गप्पा चालल्या होत्या. एक सहकारी हसत हसत मला म्हणाले, “सर, आज तुमची अडचण आहे, कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवणार?” बाकीचे हसले. असं वाक्य ऐकलं नसेल असा मुसलमान शिक्षक मला तरी भेटलेला नाही. एरवी मी चहाचा कप उचलून वर्गावर गेलो असतो. त्या दिवशी मात्र मी उभा राहून म्हणालो, “माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत होते. छातीवर पदक आहे. तुमच्या घरातलं कोण होतं?” खोली शांत झाली. त्या सहकाऱ्यांनी माफीही मागितली. मी दिवसभर ताठ मानेने वावरलो.

संध्याकाळी हे मी अब्बांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते ओट्यावर बसून तांदूळ निवडायला अम्मीला मदत करत होते. सगळं ऐकून घेतलं. मग सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाले, “मला साक्षीला कशाला नेलंस?”

मला कळलं नाही. मी म्हटलं, “अब्बा, त्यांनी विचारलं म्हणून.”

“त्यांनी तुला विचारलं. तू उत्तर द्यायचं होतंस. माझी नोकरी होती ती. पगार घेतला, पेन्शन घेतो. तिची पावती दाखवून तुला शाळेत बसायला जागा मिळणार असेल, तर ज्याचा बाप फौजेत नव्हता त्याने कुठं बसायचं?”

एवढं बोलून ते पुन्हा तांदूळ निवडू लागले. मला त्या वेळी राग आला होता. आपण त्यांची बाजू उंच केली आणि ते आपल्यालाच बोलले, असं वाटलं. त्या वाक्याचा अर्थ लावायला मला बरीच वर्षं लागली, आणि तो लावताना मला आपल्या मुलखाच्या शिपायांचा इतिहास नव्याने वाचावा लागला.

आपल्याकडचा डोंगराळ भाग हा फौजेला माणसं पुरवणारा मुलूख. महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या गावातली मुलं सैन्यात जात आली. त्यामागे शौर्याची परंपरा आहे, तशी पोटाची अडचणही आहे. उतारावरची जमीन सहा महिनेही पुरत नाही. मग कुणी मुंबईच्या गिरणीत गेला, कुणी गोदीत, कुणी पलटणीत. इंग्रजांनी याचा नीट हिशोब मांडला होता. कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या जमातीचा माणूस शिपाई म्हणून कसा, हे सांगणारी पुस्तकं त्यांनी भरती अधिकाऱ्यांसाठी काढली. १९०८ साली मेजर बेथम यांनी तयार केलेल्या अशाच एका सरकारी पुस्तकाचं नाव ‘मराठे आणि दख्खनी मुसलमान’ असं आहे. दोन नावं एकाच मुखपृष्ठावर, कारण त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. एकाच छावणीत राहणं, एकाच खंदकात बसणं.

या पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५पासून कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी त्यांना वेढलं. घोडे मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार सैनिकांनी शरणागती पत्करली आणि कित्येक जण कैदेत मेले. आता त्यातल्या मुसलमान शिपायाचा विचार करा. समोर उस्मानी खलिफाची फौज, आणि खलिफाने जिहाद पुकारलेला. इकडे ज्याचं मीठ खाल्लं ते सरकार. त्याच्या मनात काय चाललं असेल, हे त्याने कुठं लिहून ठेवलं नाही. त्याला लिहिता येत नव्हतं आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

लढाई संपल्यावर इंग्रज सरकारने अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, फक्त आकडे. महाराष्ट्रात अशा पाट्या आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत दिसतात.

जे शिपाई जिवंत परतले, त्यांचं गावाने काय केलं? याचं एक उत्तर आपल्या महाडमध्येच आहे. महारांची फौजेतली भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडून टाकली. बाबासाहेब आंबेडकर स्वतः सुभेदाराचे पुत्र. २० मार्च १९२७ला ते चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबतच्या लोकांत फौजेतून निवृत्त झालेले अनेक जण होते. सरकारसाठी बंदूक धरलेल्या या माणसांना स्वतःच्या तालुक्याच्या गावी तळ्याचं पाणी प्यायला मनाई होती. पाणी प्यायल्यावर त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. हे जुने शिपाई उलट हात उचलायला तयार होते, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्या दिवशी मार खाणाऱ्या काहींना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला, आणि डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. महाडच्या मुसलमानांनी ही गोष्ट विसरू नये. पण ती सांगताना छाती फुगवण्यापेक्षा, त्या तळ्यावर उभ्या असलेल्या माजी शिपायाकडे आधी पाहावं असं मला वाटतं. वतनासाठी किंवा सरकारसाठी लढलास म्हणून गाव तुला आपलं म्हणेल, असा करार कधीच नव्हता. ते त्याला १९२७ सालीच कळलं होतं.

आता कुतच्या वेढ्यातल्या ११०व्या पलटणीची पुढची गोष्ट ऐका. १९२२च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धात ती इटलीत होती. १० जुलै १९४४ला टायबर नदीच्या खोऱ्यात या बटालियनची एक छोटी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नायक सोडून सगळे पडले. तो एकटा पुढे धावला, ग्रेनेड फेकून गन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि तिथंच मारला गेला. तो आमच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे, वय बावीस. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर किंवा समाधी कुठंच नाही. इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे. हीच बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. ११ डिसेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ विमानातून उतरून तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला आणि १६ डिसेंबरला ती ढाक्यात शिरली. कुतला वेढ्यात उपाशी राहिलेली पलटण, पंचावन्न वर्षांनी ढाक्यात.

आपल्या कोकणी मुसलमानांत फौजेपेक्षा दर्याची वाट जास्त मळलेली. आमचे चाचा गेले ती तीच. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या मालवाहू जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते. कुणी बॉयलरपुढे कोळसा टाकत होते, कुणी डेकवर, कुणी भंडारी म्हणून. पाणबुडीचा मारा झाला की इंजिनघरातला माणूस पहिला बुडायचा. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची नावं तिथं आहेत. त्या भागातून आपण लग्नाची खरेदी करून शंभर वेळा गेलो असू. किती जण आत गेलो?

हे सगळं वाचताना अब्बांचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं. मला साक्षीला कशाला नेलंस? पण त्याचं खरं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं २०१८ साली, अब्बांच्या मयतीनंतर.

पोलादपूरच्या कबरस्तानात माती देऊन आम्ही घरी आलो, तेव्हा अंगणात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अब्बांच्या पलटणीतले. आम्ही त्यांना लहानपणापासून हवालदारकाका म्हणत आलो. आंबवड्याकडचे मराठा. दर ईदला ते शीरखुर्म्याला यायचे आणि दर दिवाळीला त्यांच्या घरून करंज्यांचा डबा यायचा. अब्बा आणि ते तासन्‌तास बसत, पण बोलणं भाताचं, गुरांचं आणि पेन्शनच्या वाढीचं. त्या दिवशी ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, “तुझ्या बापाने तुला सांब्याचं काही सांगितलं की नाही?”

मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं.

१९७१च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या तुकडीला जम्मूच्या खाली सांब्याकडे हलवलं. लढाई व्हायची होती, पण सरहद्दीलगत सुरुंग पेरायचं काम आधी होतं. ते काम रात्रीचं. दिवसा झोपायचं आणि अंधार पडला की दोरी लावून, पावलं मोजून, एकेक सुरुंग जमिनीत बसवायचा. प्रत्येक ओळीचा नकाशा, प्रत्येक सुरुंगाची नोंद. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झाला. अब्बा रोजे ठेवत होते. मध्यरात्रीनंतर हवालदारकाका खिशातून थंड पुऱ्या काढून त्यांना द्यायचे आणि म्हणायचे, खा बाबा, पहाट व्हायला आली. ती त्यांची सेहरी. ज्या शेतांत सुरुंग पेरत होते ती आपल्याच बाजूच्या शेतकऱ्यांची होती, आणि दिवस गव्हाच्या पेरणीचे होते. एक म्हातारा रोज संध्याकाळी बांधावर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, फौजी, माझं शेत परत कधी मिळेल? तोही शेतकरी आणि हेही शेतकऱ्याची पोरं. उत्तर कुणालाच देता येत नव्हतं.

३ डिसेंबरला लढाईला तोंड फुटलं. शकरगडच्या त्या भागात दोन्हीकडे सुरुंगांचे पट्टे होते. रणगाड्यांना वाट हवी तर इंजिनिअरांनी आधी पुढे जाऊन सुरुंग काढायचे, तेही तोफांच्या माऱ्यात. बसंतर नदीवर १६ डिसेंबरला पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढता लढता गेले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ते आपण पुस्तकांत शिकवतो. त्या रणगाड्यांच्या आधी सुरुंगांत गुडघ्यांवर बसून वाट करणारे सॅपर पुस्तकांत फारसे नसतात. १९४८ साली नौशेरा-राजौरी रस्त्यावर हेच काम करून परमवीरचक्र मिळवणारे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचेच, कारवारकडचे. अब्बांना एवढा एक अभिमान मात्र होता. राण्यांचं नाव निघालं की ते सरळ बसायचे.

१७ डिसेंबरच्या रात्री आठला पश्चिमेकडची लढाई थांबली. हवालदारकाका म्हणाले, “लोकांची लढाई संपली, आमची पुढं वर्षभर चालली.” शकरगडचा जो भाग आपल्या फौजेने घेतला होता तिथं त्यांचा मुक्काम पडला. गावं रिकामी. माणसं घरदार टाकून पळालेली. चुलीत राख, दोरीवर कपडे. जानेवारीच्या शेवटी बकरी ईद आली. गावात एक छोटी मशीद होती, दार उघडं, आत पालापाचोळा आणि शेळ्यांच्या लेंड्या. अब्बांनी साहेबांची परवानगी घेतली, झाडू घेऊन मशीद साफ केली आणि आणखी दोघांसह तिथं ईदची नमाज पढली. “आम्ही तिघं बाहेर त्यांचे बूट आणि बंदुका सांभाळत बसलो,” हवालदारकाका म्हणाले. “निघताना तुझ्या बापाने दाराला बाहेरून कडी घातली. म्हणाला, शेळ्या शिरायला नकोत.”

मग सुरुंग काढायचं काम. जुलै १९७२ला सिमला करार झाला आणि डिसेंबरमध्ये दोन्ही फौजा मागे जाणार हे ठरलं. जितके पेरले तितके निघाले पाहिजेत, असा हिशोब. पण मध्ये एक पावसाळा गेला होता. माती वाहून गेली की सुरुंग जागा सोडतो, नकाशा खोटा पडतो. तिरकी सळई जमिनीत हळूच टोचत, इंच इंच पुढे सरकायचं. साताऱ्याकडचा एक पोरगा घोट्यापासून पाय गमावून बसला. अब्बा त्याच्यापासून दहा पावलांवर होते. त्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन, आलेल्या पावलांवर पावलं टाकत बाहेर आणलं.

शेवटी एका शेतात हिशोबात एक सुरुंग कमी येऊ लागला. दोन दिवस शोधला. परत जायची तारीख जवळ आली होती. कुणीतरी म्हणालं, काटेरी तार लावून पाटी ठोका आणि चला, पुढचं ते बघतील. अब्बा ऐकेनात. तिसऱ्या दिवशी एका बोरीच्या मुळाशी, ओढ्याच्या बाजूला वाहून गेलेला तो सुरुंग त्यांना सापडला.

मी विचारलं, “ते शेत कुणाचं होतं? त्या बांधावरच्या म्हाताऱ्याचं?”

हवालदारकाकांनी मान हलवली. “नाही रे. ते पलीकडचं. चार दिवसांनी त्यांना परत द्यायचं होतं. मी तेव्हा तुझ्या बापाला म्हटलंसुद्धा, अरे त्यांचं शेत, मरू दे. तर म्हणाला, पेरला आपण आहे.”

मी त्या रात्री झोपलो नाही. स्टाफरूममध्ये मी ज्या बापाला साक्षीला उभं केलं होतं, तो मी बनवलेला होता. छातीवर पदक, समोर शत्रू, आणि माझ्या बाजूने निकाल. खरा बाप सरहद्दीपलीकडच्या कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या पोराचा पाय वाचावा म्हणून तीन दिवस जमीन टोचत बसला होता. ही गोष्ट त्या सहकाऱ्यांना सांगितली असती तर ते काय म्हणाले असते? आणि आपल्या मोहल्ल्यात सांगितली असती तर? एकाने म्हटलं असतं, बघा, शेवटी तिकडचीच माया. दुसऱ्याने विचारलं असतं, मुसलमानांच्या शेतात सुरुंग पेरताना हात थरथरला नाही का? अब्बांना दोन्ही प्रश्न ठाऊक असावेत. म्हणून त्यांनी राजमा आणि तेलाच्या गोष्टी सांगितल्या.

आपल्या समाजात फौजेचा विषय निघाला की दोन नावं पुढे येतात. जुलै १९४८मध्ये झांगडला शहीद झालेले ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान आणि १० सप्टेंबर १९६५ला खेमकरणच्या आघाडीवर रणगाडे फोडून गेलेले अब्दुल हमीद. ही नावं घ्यायलाच हवीत. माझ्या वर्गात मी ती घेतो. पण आपण ती बहुतेक वेळा उत्तर म्हणून घेतो. कुणी संशय घेतला की उस्मान, कुणी टोमणा मारला की अब्दुल हमीद. जणू ती माणसं आपल्या वतीने कोर्टात हजर राहायलाच मेली. त्यांची आठवण काढायला कुणाच्या टोमण्याची वाट कशाला पाहायची? आणि ज्यांना चक्र मिळालं नाही, त्या ड्रायव्हर, लांगरी, सॅपर आणि खलाशी मुसलमानांची आठवण मग कुणी काढायची? त्यांचा कोर्टात उपयोग नाही म्हणून ती ट्रंकेतच राहतात आणि एक दिवस पुराचं पाणी येतं.

म्हणून मी पुरानंतर एक वही घातली आहे. वर्गातल्या मुलांना दरवर्षी एकच गृहपाठ देतो. घरातलं किंवा वाडीतलं कोण फौजेत, आरमारात, जहाजावर होतं? त्यांना काय खायला मिळायचं, पत्र कुणी वाचून दाखवायचं, परत आल्यावर त्यांनी काय काम केलं? शौर्य लिहू नका, दिवस कसा जायचा ते लिहा. वहीत मराठ्यांच्या घरची पानं आहेत, बौद्धवाडीतली आहेत, आमच्या मोहल्ल्यातली आहेत. एका मुलीने लिहून आणलं की तिचे पणजोबा लढाईहून आले तेव्हा त्यांना घरचं कुत्रं ओळखेना. एवढी एकच ओळ. मी ती तशीच चिकटवली.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. घरात डिस्चार्ज बुक, खलाशाचं नलीबुक, जुनं पेन्शनचं कागदपत्र असेल तर आजच मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि दोन नातेवाइकांना पाठवून ठेवा. अम्मीच्या फॅमिली पेन्शनसाठी काढलेली एक झेरॉक्स तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. ती वर नेलेल्या सामानात होती म्हणून अब्बांचा नंबर, भरतीची तारीख आणि सुटण्याची तारीख आमच्याकडे राहिली. आणि म्हातारी माणसं असतील तर त्यांना लढाईबद्दल विचारू नका. शेताबद्दल विचारा, जेवणाबद्दल विचारा, सोबत्यांबद्दल विचारा. हवालदारकाका मागच्या वर्षी गेले. करंज्यांचा डबा त्यांच्या सुनेने यंदाही पाठवला.

अब्बांची पदकं ट्रंकेच्या कोपऱ्यात चिखलात रुतलेली सापडली. पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. रिबिनी कुजल्या होत्या, धातू शाबूत होता. अम्मीने ती चिंच आणि राखेने घासली, जशी ती भांडी घासते. मग चष्मा लावून संग्राम पदकाची कड खिडकीच्या उजेडात धरली. तिथं बारीक अक्षरांत अब्बांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी एकेक आकडा वाचत गेलो आणि ती माझ्या मागून म्हणत गेली. शेवटचे तीन आकडे मात्र तिने माझ्या आधी म्हटले. सतरा वर्षं पाकिटांवर पत्ता लिहून घेताना तिला ते पाठ झाले होते.